आमच्यानंतर ही सिस्टीम कोण ऐकणार?

खर्जातला

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता, टंकायच्या कंटाळ्यामुळे राहून जात होता.

मी ५४ वर्षांचा, पुण्यात. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जुन्या बाजारात एक गॅरार्ड ४०१ टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, दिसलं. इंग्लंडात १९६५ साली निघालेलं मॉडेल, उचलताना कंबर धरावी इतकं जड, आणि विकणाऱ्याच्या लेखी ती कसलीतरी मोटर होती. चेहरा जमेल तितका कोरा ठेवून घासाघीस केली आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. खाली सागवानी पेटी सुताराकडून करून घेतली. ते सुतारकाका अजून भेटले की विचारतात, "काय साहेब, चौरंग बरा आहे ना?" पुढे ईएल ३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप आला. परदेशी निघालेल्या एका गृहस्थांकडून एलएस थ्री बाय फाइव्ह ए स्पीकर घेतले. बीबीसीने ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रसारण करायच्या गाडीत) ठेवायला करवून घेतलेलं हे डिझाइन, बुटांच्या खोक्याहून जरासंच मोठं. पण माणसाचा आवाज त्यातून असा येतो की गाणाऱ्याने सम घ्यायच्या आधी घेतलेला श्वासही कळतो. रेकॉर्डी सातशेच्या वर असतील.

आता दुखणं सांगतो. मुलगी १९ वर्षांची, मुलगा १४ चा. दोघंही गाणी फोनवर ऐकतात. आवाज कमी पडला तर फोन स्टीलच्या पेल्यात उभा करतात. हो, पेल्यात! आणि तिथून चार फुटांवर सिस्टीम बंद असते.

आवड लावता येते का? तुमच्याकडे कोणाला जमलंय? की आमच्यामागे हे सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर?

सुई_अडकली

गॅरार्ड ४०१ काट्यावर जायची वेळ आली तर आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी हातगाडी घेऊन येतो, "भंगाऽऽर" अशी आरोळीसुद्धा देईन.

शून्य_डेसिबल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मुलं येत नाहीत कारण त्यांना थापा ओळखता येतात. आपल्या छंदातले लोक चाळीस हजारांची स्पीकरची वायर घेतात आणि "पडदा उठल्यासारखं वाटलं" म्हणतात. मुलगा विचारतो, डोळे बांधून ओळखून दाखवाल का? की लगेच बाबांना फोन येतो. सीडी १९८२ साली आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन, आणि तेवढ्यात माणसाला ऐकू येणारं सगळं मावतं. त्यापुढचे पैसे खोलीवर आणि स्पीकरवर घाला. वायरींचं सोवळं सोडा, मग बोलू.

तांबं_आणि_चांदी

आले! धागा कोणताही असो, यांची गाडी वायरीवरच. ज्याला फरक ऐकू येत नाही त्याने कानातला मळ काढून यावा.

शून्य_डेसिबल

येतो काढून. तुम्ही डोळ्यांवर रुमाल बांधून या. खर्च माझा, मिसळ तुमची.

संपादक

केबलवरचे यापुढचे प्रतिसाद केबलच्या धाग्यावर हलवले जातील. तो ४१२ प्रतिसादांवर आहे, तिथे जागेची कमतरता नाही.

डोंबिवलीकरीण

खर्जातला, एक विचारू? तुमच्या खोलीत बसायला खुर्च्या किती?

विचारते कारण आमच्या घरी एकच आहे. दोन्ही स्पीकरपासून टेप लावून मोजलेली. सोफा त्यासाठी भिंतीपासून चार फूट पुढे ओढलाय, पाहुणे आले की त्यांना वाटतं रंगकाम चालू आहे. खुर्चीत बसणार हे. मी चहा घेऊन गेले की डावीकडून जायचं, कारण उजवीकडून गेलं की "आवाज अडतो". लेक चालायला लागली तेव्हापासून तिने ऐकलेली वाक्यं सांगते: हात लावू नको. धावू नको, सुई उडेल. आता नको, नंतर. ती आता २३ ची आहे आणि त्या खोलीत गेली की अजूनही हात पाठीमागे बांधून उभी राहते. देवळात उभं राहावं तशी, फक्त श्रद्धा नाही.

आवड लागेल कुठून हो?

खर्जातला

ताई, एकच आहे. आणि तीही फिरती नाही. लागलं मनाला.

पीजी_खोली_सात

मी २२, मूळ नाशिक, सध्या पुण्यात पीजीत. आमच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं म्हणून खातं उघडलं.

काका, आम्ही ऐकतो. तुमच्याइतकंच मन लावून ऐकतो. माझ्याकडे अठराशेचे वायरवाले इयरफोन आणि फोनला लावायचा छोटा डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारी डबी) आहे, लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेल्या फाइली, ऐकतो. २०२१ पासून ते महागही राहिलेलं नाही. कोणत्या इयरफोनचा खालचा आवाज फुगलाय, कोणत्याचा स स कानाला टोचतो यावर आमच्या ग्रुपमध्ये रात्री दोनपर्यंत भांडणं होतात. वरच्या दोन काकांसारखीच.

स्पीकर का घेत नाही? दोन स्पीकरमध्ये सहा फूट अंतर ठेवायचं तर आधी सहा फूट भिंत लागते. माझ्या खोलीत कॉट, कपाट आणि रूममेट आहे. त्यातल्या एकालाच हलवता येतं आणि तो वजनाला बराच आहे.

दुसरं. माझे मामा तुमच्यासारखेच आहेत. मोठी सिस्टीम, प्रेमाने बोलावतात. पण गाणं सुरू झालं की वीस सेकंदांत थांबवतात. "आला का खालचा सा? ऐकलास? परत ऐक." मग सुई मागे. त्यांच्याकडे मी पाच वर्षांत एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. आणि मला आवडणारं काही लावू का विचारलं तर म्हणतात, "हे या सिस्टीमवर लावायचं नसतं रे."

म्हणजे सिस्टीम गाण्यासाठी की गाणं सिस्टीमसाठी?

सुई_अडकली

पीजीभाऊ +१००. मी तो मामा आहे. म्हणजे तुझा नाही, पण आहे.

आप्पा_रत्नागिरी

जरा मागचं सांगतो. १९८० च्या आसपास आमच्याकडे मडक्यात स्पीकर बसवायची साथ आली होती. कुंभाराकडून रुंद तोंडाचं मडकं आणायचं, आत कापूस, वर आठ इंची स्पीकर उताणा. दोन बाजूंना दोन मडकी, की झाला स्टिरिओ. आई ओरडायची, "घरात मडकी मांडून बसलायस, कोण गेलंय काय?" आवाज ढम्म यायचा, पण तो आमचा होता. नोकरी लागल्यावर बरं सामान घेतलं. मडक्याने लावलेलं वेड मात्र कुठल्या दुकानाने लावलं नसतं.

आता माझी चूक. इथली हवा तुम्हाला ठाऊक आहे, पावसाळ्यात चपलेला बुरशी येते तिथे रेकॉर्ड काय टिकणार. दर गणपतीआधी मी सगळ्या पुसायला काढायचो. नातू दहा वर्षांचा होता. मला मदत करावी म्हणून त्याने मी झोपलेलो असताना कपाटातल्या वरच्या चार रेकॉर्डी काढून स्पिरिटने पुसल्या. कुठेतरी व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे. व्हिडिओ बरोबरच होता, पण प्लॅस्टिकच्या एलपीसाठी. या होत्या ७८ च्या, लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फर्निचरला पॉलिश मारतात ते त्याच गुणावर. मी उठलो तेव्हा पोरगं काळं झालेलं फडकं हातात घेऊन बसलं होतं आणि म्हणालं, "आजोबा, किती घाण निघाली बघा."

मी काय बोललो ते लिहीत नाही. रेकॉर्डी चारच गेल्या. तो मात्र त्या कपाटाजवळ परत कधी आला नाही. आता २६ चा आहे, बंगळुरूत असतो. दर रविवारी फोन करतो, सगळं बोलतो. गाण्याचं सोडून.

डोंबिवलीकरीण

आप्पा... काय लिहू. ते "किती घाण निघाली" वाचून पोटात तुटलं.

तांबं_आणि_चांदी

आप्पा, त्या लाखेच्या रेकॉर्डींना डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर भांड्यांचं लिक्विड, बाकी काही नाही. लेबल भिजू देऊ नका. आणि नातवाला एकदा बोलवाच.

सुई_अडकली

वातावरण हलकं करायला एक. १९७७ साली नासाने व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात आपल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सोबत कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आणि सुईपण दिली आहे, आणि कशी वाजवायची त्याची चित्रं झाकणावर कोरली आहेत. म्हणजे पुढची पिढी परग्रहावरची निघाली तरी तिच्या हातात सुई द्यायची नासाची तयारी आहे. कुठेही "हात लावू नये" असं कोरलेलं नाही.

इसारकाठी

म्यूनिकहून. इथे जगातलं मोठं हाय एंड (महागड्या ध्वनियंत्रांचं) प्रदर्शन २००४ पासून भरायचं, २०२६ पासून ते व्हिएन्नाला गेलं. शेवटची तीन वर्षं लेकीला नेलं होतं. मोठ्या खोल्यांतून सगळीकडे माझ्या वयाचे पुरुष, पांढऱ्या दाढ्या, हाताची घडी, डोळे मिटलेले. आणि खोलीमागून खोली तेच तेच गुळगुळीत जॅझ. लेक म्हणाली, "बाबा, इथे सगळे एकाच माणसाच्या श्राद्धाला आलेत का?" तरुण पोरं दिसली ती हेडफोनच्या टेबलांपाशी. तिथे रांग होती.

एका खोलीत मात्र एका म्हाताऱ्या जर्मन माणसाने तिला विचारलं, तुला काय ऐकायचंय? तिने फोन पुढे केला. कुठल्यातरी गेमचं संगीत होतं, मला तर तो गोंगाटच वाटला. त्या माणसाने ते पूर्ण चार मिनिटं ऐकलं. मध्ये एक अक्षर नाही. संपल्यावर म्हणाला, "दुसऱ्या मिनिटाला मागे डावीकडे घंटा आहे, ती आधी माहीत होती का?" नव्हती. हजारदा ऐकलेल्या गाण्यात. परतीच्या ट्रेनमध्ये ती फोनवर ती घंटा शोधत होती.

घरी आल्यावर माझी सिस्टीम तिला आवडू लागली असं काही नाही. पण प्रश्न विचारते.

फोंड्याची_बाई

मी फोंड्यात गाणं शिकवते. यंत्रातलं मला फार कळत नाही, पण एक अनुभव आहे.

शिकवणीत हल्ली बहुतेकजण घरी फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज करतात. एका अकरा वर्षांच्या मुलीचा स्वर सारखा हलायचा. फोनवर खर्जाची तार नुसती टकटक वाजते, तिला धरून गाणार काय? माझ्या भावाने जुने पुस्तकाच्या शेल्फवर मावतील असे दोन स्पीकर दिले होते, ते जोडले आणि तोच तानपुरा त्यावर लावला. प सा सा सा. मुलगी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "बाई, यात ग कोण गातंय?"

अंगावर काटा आला. स्वयंभू गंधार! तो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो, जवारी लागली, म्हणजे घोडीवर तारेला झंकार आला, की खर्जातून आपोआप उठतो. मला तो ऐकू यायला शिकायला लागल्यावर चार वर्षं लागली होती, आणि गुरुजींनी दहादा सांगितल्यावर. हिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग खरा तानपुरा मांडीवर दिला, त्यातही तिने तोच शोधला. आता येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "तुला ग ऐकू आला?"

शून्य_डेसिबल

पाचवा हार्मोनिक. खर्जाच्या पाचपट कंप्रता, दोन सप्तकं वरचा गंधार. बाई, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आहे आणि यात वायरीचा उल्लेख नाही हे मी नमूद करू इच्छितो.

खर्जातला यांना एक गृहपाठ. जुने टीव्ही आठवतात? चालू असताना बारीक किंचाळायचे, मुलांना ऐकू यायचं, आईवडिलांना नाही. ती १५,६२५ हर्ट्झची शिट्टी होती: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार करा. वयाबरोबर कानांची वरची बाजू झडते. फोनवर स्वर काढणारं ॲप घ्या, ८ हजारांपासून हळूहळू वर जा, आवाज लहान ठेवा, आणि मुलाला शेजारी बसवा. काय होतं ते इथे लिहा.

पीजी_खोली_सात

काकांना कळणार आहे की तीस वर्षांत जमवलेल्या सिस्टीमचा वरचा मजला ते स्वतः ऐकूच शकत नाहीत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तांबं_आणि_चांदी

ऐकणं म्हणजे नुसती शिट्टी नव्हे. (तरी मीही करून पाहिलं. आकडा सांगणार नाही.)

सुई_अडकली

अवांतर: मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं तेव्हा आवड लावायचं काम दुकानच करायचं. खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे असले तरी तासभर रेकॉर्डी चाळता यायच्या, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस "ही घेऊ नका, ती घ्या" म्हणायचा. २०१६ त बंद झालं. आता शेजारी कोणी उभं नसतं, ॲप सुचवतं ते ऐकायचं. धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व, पण पोरांना घेऊन जायला जागाच उरली नाही हेही एक कारण आहेच ना?

इसारकाठी

आहेच. आणि आपल्याकडे पोरांना मोठा आवाज भेटतो तो गणपतीत, डीजेच्या भिंतीसमोर. दरवर्षी पुण्यात आलो की छातीत धडधडतं. मोठा आवाज म्हणजे भारी आवाज हे एकदा डोक्यात बसलं की तुमचे बुटांच्या खोक्याएवढे स्पीकर त्यांना खेळणंच वाटणार.

पीजी_खोली_सात

काका, डीजेला नाचतात, ऐकत नाहीत. दोन्ही वेगळं आहे, आम्हाला कळतं. :-)

खर्जातला

दहा दिवसांनी येतोय. बरंच झालं मधल्या काळात, क्रमाने लिहितो.

आधी खुर्ची हलवली. म्हणजे मुलीनेच ती उचलून गच्चीत नेऊन ठेवली आणि तिथे गादी टाकली. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सत्यानाश, पण चौघं लोळू शकतात. डोंबिवलीकरीणताई, बायकोने तुमचा प्रतिसाद मला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.

मग गृहपाठ. मी, बायको, दोन्ही पोरं ओळीने बसलो. साडेअकरा हजारांना मी हात खाली केला. बायको माझ्या पुढे गेली, याची तिने नोंद घेतली आहे. मुलगी सोळाच्या पुढे थांबली. मुलगा साडेसतराला "बाबा बंद करा" म्हणून कानावर हात ठेवून पळाला. खोलीत माझ्या मते चिडीचूप शांतता होती.

इथपर्यंत गंमत होती. पण जाता जाता तो म्हणाला, "तुमच्या सिस्टीममध्ये पण असंच काहीतरी कायम वाजत असतं. मला वाटलं तसंच असतं." मी म्हटलं, काय वाजतं? त्याने खोलीभर कान लावून शोधलं. अँपमागे मी वायफायचा एक्स्टेंडर लावला होता, त्याचा पांढरा ॲडॅप्टर. तो काढला. मला काही फरक नाही. मुलगा म्हणाला, "हां, आता बसता येईल." चौदा वर्षांचा पोरगा माझ्या खोलीत टिकत नव्हता, मी समजत होतो त्याला संगीतात रस नाही, आणि तिथे एक ॲडॅप्टर त्याच्या कानात ओरडत होता!

आता तो घरातला मीटर झाला आहे. फ्रिज, ट्यूबलाइट, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, सगळ्यांना नावं ठेवून झाली. गाणी अजून त्याचीच लावतो. मी दोनदा दात-ओठ खाल्ले, एकदा बाहेर जाऊन चक्कर मारून आलो. पण मध्ये थांबवलं नाही, पीजीभाऊ, शपथेवर सांगतो.

काल त्याच्या हातून सुई वाकली. उलट्या बाजूने कापूस फिरवला. सुई म्हणजे साडेसहा हजार. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आप्पांचं काळं फडकं आठवलं. म्हटलं, दाखव, कुठून कुठे फिरवलास? त्याने दाखवलं. मग दोघांनी भिंगातून वाकलेली सुई बघितली. अर्धा तास. तो म्हणाला, एवढ्याशा टोकावर एवढं सगळं? मी हो म्हटलं आणि गप्प बसलो, जे मला अजिबात जमत नाही.

आप्पा_रत्नागिरी

बरं केलंत.

तांबं_आणि_चांदी

कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट जातीचं असेल तर नुसती सुई बदलता येते, अख्खं कार्ट्रिज घेऊ नका. बसवल्यावर सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार परत तपासा, दीड ते दोन ग्रॅम. काटा मुलाला वापरू द्या.

खर्जातला

नवी सुई आली, आज बसवली. म्हणजे त्याने बसवली, मी टॉर्च धरला होता. काम करताना टर्नटेबलमागच्या तारा काढून परत लावल्या. आता रेकॉर्ड थांबलेली असतानाही घूंऽऽ असा आवाज येतोय. आणि त्याने टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला बोट लावलं की घूं एकदम कमी होतं, बोट काढलं की परत. तो मघापासून बोट लावतोय आणि काढतोय. "असं का होतं?" म्हणून विचारलं. मला उत्तर माहीत आहे. सांगितलं नाही. म्हटलं, शोध.

शून्य_डेसिबल

अर्थची हिरवी तार सुटलीय. अँपच्या मागच्या स्क्रूला लावा.

तांबं_आणि_चांदी

अर्थिंग. पण साधी तार लावू नका, मी सांगतो कोणती...

सुई_अडकली

अहो काका लोक, सांगू नका ना! तो शोधतोय!!

खर्जातला

तो हाच धागा वाचत बसलाय. शेजारी.